देवळाचा उच्चार

"देवळात ना, म्याडम?" रिक्षा फाटकाशी लावून नबीने नेहमीप्रमाणे विचारले, आणि साधनाबाईंच्या तोंडून "नाही" असा शब्द निघून गेला. तो इतका तुटक निघाला की नबीने हँडलवरचा हात काढून घेतला. दर रविवारी सकाळी तो त्यांना न्यायला येई, हेच विचारी, आणि त्या होकारार्थी मान हलवून पदर सावरत आत बसत. वास्तविक विचारण्याची गरजच नसे. दिवसाच्या प्रारंभी दोन माणसांनी एकमेकांची दखल घ्यावी, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. "मंग कुठं? तब्येत गिबेत बरी नाई का?" तो म्हणाला. साधनाबाईंना जायचे तिथेच होते. हातात बायबल होते, गीतांचे पुस्तक होते, अंगावर इस्त्रीची पांढरी साडी होती. परंतु त्या जागेचे नाव जिभेच्या टोकाशी येऊन अवघडले होते, आणि वकीलबाईंनी सांगितलेले दुसरे नाव ओठांपर्यंत पोचत नव्हते. "चर्चमध्ये," त्या अखेर म्हणाल्या. नबी हसला. "तेच तं म्हनलं मी." "तेच नाही. यापुढं चर्च म्हणायचं. कोणी विचारलं तरी चर्चच सांगायचं." नबीने रिक्षा सुरू केली, आरशातून त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "आमचे अब्बा बी देऊळच म्हनत, म्याडम. ख्रिश्चन लोकायचं देऊळ. आता त्याचं बी नाव बदलवलं का सरकारनं?" हा त्याचा विनोद होता. शहरांची, रस्त्यांची, स्थानकांची नावे बदलण्याच्या या दिवसांत असा विनोद अकोल्यात कोणीही करीत असे. साधनाबाई हसल्या नाहीत. सरकारने बदलले असते तर बरे झाले असते, असे त्यांच्या मनात आले. हे नाव त्या स्वतःच्या हाताने खोडायला निघाल्या होत्या.

सरकीच्या तेलाचा उग्र, किंचित गोडसर वास रस्त्यावर पसरला होता. ऊन सकाळीच डोळ्यांवर आले होते. साधनाबाईंनी मिटल्या तोंडात तो जुना शब्द हळूच फिरवून पाहिला. सारे आयुष्य त्यांनी मुलांना संस्कृत शिकवले होते; कोणता वर्ण मुखात कोठे जन्म घेतो हे त्यांना स्वतःच्या घरातल्या खोल्यांसारखे ठाऊक होते. 'दे' दातांशी निघतो, 'ऊ' ओठांशी गोल होतो, आणि मग जीभ मागे वळून थेट टाळूच्या घुमटाला जाऊन टेकते: 'ळ'. दातांच्या उंबरठ्यापासून मूर्ध्यापर्यंत पूर्ण मुखाची प्रदक्षिणा करणारा हा शब्द आहे, असे त्यांना पूर्वी कधी जाणवले नव्हते. ज्या शब्दात आपण राहतो तो आपल्याला दिसत नाही. त्यांच्या आईला, लीलाबाईंना, तो 'ळ' कधीच साधला नाही. वऱ्हाडातल्या साऱ्या अशिक्षित बायांप्रमाणे ती 'डोया' म्हणे, 'केयी' म्हणे, आणि 'देऊय' म्हणे. बी. ए. होऊन आलेल्या मुलीने तिला किती वेळा दुरुस्त केले असेल. "देऊय नाही गं आई, देऊळ." आई म्हणे, "तुया देवाले समजते, मले तेवढंच पुरे." शेवटच्या आजारात तिची जीभ जड झाली, सगळे शब्द एकामागून एक गळाले, आणि राहिले ते एवढेच: "मले देवयात ने." साधनाबाईंनी तेव्हा तिला दुरुस्त केले नव्हते.

आणि त्याच शब्दाचे तिसरे, अतिप्राचीन रूप त्यांनी स्वतः होऊन शत्रूच्या ओंजळीत घातले होते. शत्रू हा शब्दही त्यांना कमलाकांतसाठी वापरता येत नव्हता. जमिनीच्या कचेरीत त्या पहिल्यांदा जबाब द्यायला गेल्या तेव्हा खुर्चीवरचा अधिकारी ताडकन उठला, टेबलाला वळसा घालून पुढे आला, आणि भर कचेरीत त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "बाई, ओळखलं नाही? कमलाकांत. आपल्या हातून संस्कृतचं पारितोषिक घेतलं होतं." ओळखले होते. त्याचे वडील पौरोहित्य करीत. ख्रिस्ती बाई मुलांना संस्कृत शिकवणार म्हणून काही पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली, तेव्हा या मुलाच्या वडिलांनीच शाळेत येऊन सांगितले होते की बाईंचे उच्चार आपल्याहून शुद्ध आहेत, माझा मुलगा त्यांच्याच वर्गात बसेल. त्या वडिलांचे कपाळ, तीच शांत भुवई, समोर होती. साधनाबाईंना एकदम हलके वाटले. गेले कित्येक महिने जे चालले होते, त्यानंतर कोणीतरी ओळखीचे भेटले होते. एका समितीने अर्ज केला होता की कापूस बाजारामागचे ते दगडी चर्च एका पुरातन मंदिराच्या जागी उभे आहे. पुरावा काही नव्हता; अर्जामागे गर्दी मात्र होती. त्यानंतर मोजणीची माणसे ऐन उपासनेच्या वेळी साखळ्या घेऊन आली आणि बाकांमधून चालत गेली. नळ तोडला गेला. शेवटच्या बाकावर एक शिपाई येऊन बसू लागला. तो टोपी काढत नसे, आणि प्रार्थनेत डोळे मिटलेल्या माणसांची नावे शेजाऱ्याला विचारून घेत असे. बायांनी मुलांना आणणे बंद केले. या सगळ्याच्या शेवटी ही खुर्ची, हा चहा, हा वाकलेला माथा.

"औपचारिकता आहे, बाई," कमलाकांत म्हणाला होता. "आपल्या समाजात या वास्तूला काय म्हणतात, एवढंच सांगायचं."

"देऊळ," त्या म्हणाल्या.

"देऊळ?"

"देऊळच. आमच्यात सगळे मराठी ख्रिस्ती हेच म्हणतात. चर्च हा शब्द पाट्यांवरचा. बोलताना देऊळ."

त्याने कुतूहलाने मान तिरपी केली. वर्गात करी तशीच. "म्हणजे व्युत्पत्ती देवकुलच ना, बाई?"

तिथेच थांबायला हवे होते. पण किती वर्षांनी कोणी व्युत्पत्ती विचारली होती. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे येणारी माणसे गुडघ्यांविषयी विचारीत, पेन्शनविषयी विचारीत. साधनाबाई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. देवकुल, मग मधला ककार झिजून देवउल, देउल, आणि अखेर देऊळ. देवाचे कुळ म्हणजे देवाचे घर, आणि ते कोणत्या देवाचे हे शब्द विचारीत नाही, असे त्यांनी सांगितले. बोटाने टेबलावर अक्षरे काढून दाखवली. "समास?" त्यांनी सवयीने विचारले. "देवस्य कुलम्. षष्ठी तत्पुरुष," कमलाकांत हात बांधून म्हणाला. "शाबास," साधनाबाई म्हणाल्या.

मग तो टंकलेखकाकडे वळला आणि त्याच मृदू आवाजात सांगू लागला. साक्षीदार या संस्कृत भाषेच्या निवृत्त अध्यापिका असून शब्दार्थाच्या अधिकारी आहेत. सदर वास्तू पिढ्यान्‌पिढ्या देऊळ म्हणूनच ओळखली जाते, असे त्या स्वखुशीने व सप्रमाण सांगतात. देव कोणता, याविषयी सदर शब्द मौन बाळगतो, असेही त्यांचे म्हणणे आहे. साधनाबाईंनी ते ऐकले आणि क्षणभर त्यांना त्यात काहीच वावगे वाटले नाही. उलट वाक्यरचनेचे कौतुक वाटले. सप्रमाण हा शब्द त्याने योग्य जागी घातला होता. सही करून त्या जिना उतरू लागल्या. अर्ध्या जिन्यावर पाय थांबला, आणि जणू कोणी मागून मानेवर गार हात ठेवावा तसा त्या वाक्याचा अर्थ त्यांना कळला. त्या परत वर गेल्या. दार लोटलेले होते. आतून कमलाकांतचा आवाज येत होता, तो कोणाला तरी सांगत होता, "माझ्या बाई आहेत. आजही एक अक्षर चुकत नाही." त्याच्या स्वरात खरा आदर होता. तो आदर खोटा असता तर त्यांना दार ढकलून आत जाता आले असते.

दुसऱ्या दिवशी पेठेत सगळीकडे झाले होते: ख्रिस्ती बाईनेच कबूल केले. मंडळीतले कोणी त्यांना काही बोलले नाही, आणि ते न बोलणे शेवटच्या बाकावरच्या शिपायासारखे त्यांच्याबरोबर सगळीकडे बसू लागले. पाळकसाहेब शालिकराम हे मूळचे बार्शीटाकळीकडचे, थट्टेखोर गृहस्थ. ते म्हणाले, "बरं झालं बाई, त्यानं माझं नाव नाही विचारलं. नाहीतर लिहिलं असतं, देवळात शाळिग्रामसुद्धा सापडला." सगळे हसले. मोकळेपणाने बोलली ती एकटी मैनाबाई. फाटकाजवळच्या खोलीत राहून ती देवळाची झाडलोट करी, नळ तुटल्यापासून तांबोळ्याच्या विहिरीवरून पाणी वाहून आणी. "बाई, तुमी काहून एवढं शिकवाले बसल्या त्याले?" ती म्हणाली. "शाया सुटली ना तुमची."

रिक्षा देवळाच्या फाटकाशी थांबली होती. नबी त्यांच्या उतरण्याची वाट पाहत होता. त्या रविवारची उपासना साधनाबाईंनी कशी काढली ते त्यांना नंतर आठवले नाही. आठवले ते एवढेच की गीतांत, वचनांत, पाळकांच्या प्रवचनात त्या एका शब्दाची चाहूल घेत बसल्या होत्या, शिपायाच्याही आधी. प्रवचनात तो एकदा आला. हा माणूस सुधारत कसा नाही, असे त्यांना वाटले. उपासनेनंतर सगळे पांगले, तेव्हा त्यांनी मैनाबाईला आतल्या खोलीत बोलावून घेतले. त्या जबाबावर समितीचा अर्ज पुढे गेला होता, आणि त्याविरुद्ध अमरावतीच्या वरच्या कचेरीत अपील लागले होते. तिथल्या वकीलबाई प्रणाली यांनी फोनवर स्पष्ट सांगितले होते: पहिला जबाब चुकीचा नोंदला गेला, आम्ही देऊळ कधी म्हणतच नाही, चर्च म्हणतो, असे दोघींनी सांगायचे, एक तुम्ही, आणि एक त्या आवारात राहणारी बाई. "हे खरं नाही हो," साधनाबाई म्हणाल्या होत्या. "मॅडम, खरं तुम्ही एकदा सांगून बसलात," प्रणाली म्हणाली होती. आवाज थकलेला होता, निष्ठुर नव्हता. "आता इमारत वाचवायची की शब्द, ते सांगा."

"म्हणा, चर्च," साधनाबाई म्हणाल्या.

"चरच," मैनाबाई म्हणाली.

"रफार आहे. र वर चढतो. चर्च."

"चर्रच."

"बरं. आता मी विचारते तसं उत्तर द्यायचं. तुम्ही कुठं राहता?"

"देवयात."

"मैनाबाई."

"अवं, तोंडात तेच येते माया. तेल्हाऱ्याहून लगन करून आली तवापासून तेच म्हनून राहिली मी. आता या वयात जीभ कुठं वयते?"

पुन्हा विचारले. पुन्हा देवयात. खोलीत वारा नव्हता. पत्र्याखाली ऊन साचून राहिले होते आणि मैनाबाईच्या अंगाला घामाचा, फिनेलचा वास येत होता. साधनाबाईंच्या डोळ्यांसमोर ती बाई हळूहळू नाहीशी झाली आणि तिथे एक तोंड तेवढे उरले: विरळ दातांचे, तंबाखूने काळवंडलेले, अशुद्ध. या तोंडावर सगळे अवलंबून होते. दगडी भिंती, सागवानी बाके, आईची शवपेटी जिथे ठेवली होती ती वेदीपुढची जागा, सारे या एका तोंडातून आत किंवा बाहेर जाणार होते. टेबलावर बालवर्गाची लाकडी पट्टी पडली होती. ती हातात कधी आली ते त्यांना कळले नाही. "हात पुढं," त्या म्हणाल्या. मैनाबाई कधी शाळेत गेली नव्हती; तिला वाटले काही द्यायचे आहे, म्हणून तिने तळवा पसरला. पट्टी बसली. फार जोराने नव्हे. परंतु मनगटात एक जुनी, ओळखीची तृप्ती उमटून गेली, गळणारा रफार जागेवर बसला की उमटे तशी, आणि साधनाबाईंना ती नको वाटली नाही. मैनाबाईने तळवा उलटा करून पाहिला, लुगड्याला पुसला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी समजल्याचा भाव होता, आणि तो पाहणे रागाहून अवघड होते. "कुठं राहता?" साधनाबाईंनी विचारले. "चर्चमधी," मैनाबाई म्हणाली. रफार अगदी स्वच्छ होता.

सुनावणीच्या दिवशी गाडीत मैनाबाई सगळा वेळ ओठ हलवीत बसली. खिडकीबाहेर काढणी झालेली, उन्हाने फुटलेली काळी शेते मागे पळत होती, मूर्तिजापूर गेले, आणि या बाईचे पुटपुटणे नामस्मरणासारखे चालूच होते: चर्च, चर्च, चर्च. समोरच्या बाकावरची सासुरवाशीण तिच्याकडे पाहून तोंडाला पदर लावून हसली. साधनाबाईंनी मनाशी त्या शब्दाची परीक्षा घेतली. टाळूशी निघतो, मधे जीभ थरथरते, आणि पुन्हा टाळूशीच येऊन मिटतो. कोठेही जात नाही. दार लागल्याचा आवाज तेवढा होतो. बडनेऱ्याला उतरून त्या अमरावतीच्या रिक्षात बसल्या तेव्हा मैनाबाईने विचारले, "आपल्या देवाले राग नाई ना येनार?" साधनाबाईंनी तिला पाण्याची बाटली दिली.

अमरावतीच्या कचेरीतली खोली थंड होती, इतकी की मैनाबाईने पदर कानांवरून घेतला. वरिष्ठ साहेब कागदांतून मान वर काढीत नव्हते. भिंतीलगत कमलाकांत बसला होता. साधनाबाई आत येताच तो उभा राहिला आणि त्या बसेपर्यंत बसला नाही. मैनाबाईला आधी बोलावले. नाव, गाव, मग तो प्रश्न. "आमी चर्च म्हनतो," ती म्हणाली. "देऊळ म्हणत नाही?" "नाई." "कधीच नाही?" "कदीच नाई. पयलेपासून चर्च." तिने एकदाही साधनाबाईंकडे पाहिले नाही. प्रणालीने हळूच श्वास सोडला. मग साधनाबाई. मागील जबाबात आपण असे म्हटल्याची नोंद आहे, साहेब म्हणाले. "लिहिण्यात गैरसमज झाला असावा," साधनाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज स्पष्ट, शुद्ध, वर्गातल्यासारखा ऐकू आला. "आम्ही चर्चच म्हणतो." "आपल्या आधीची पिढी? आपल्या मातोश्री?" हा प्रश्न पढवणीत नव्हता. साधनाबाईंनी टेबलाच्या काचेकडे पाहिले. काचेखाली कोणत्या तरी देवस्थानाचे दिनदर्शिकेतले चित्र होते. त्यावर त्यांना जड जिभेचे, अर्धवट उघडे तोंड दिसले, आणि त्या तोंडावर त्यांनी हात ठेवला. "तीही चर्चच म्हणायची," त्या म्हणाल्या.

कमलाकांत उठला. त्याने घाई केली नाही. "साहेब, बाई माझ्या गुरू आहेत. त्या खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही, कोणाला म्हणूही देणार नाही," तो म्हणाला. "मी माझ्या कानांनी देऊळ ऐकलं, आणि आज सगळ्यांनी चर्च ऐकलं. दोन्ही जबाब खरे धरावेत. पूर्वी देऊळ होतं, आता चर्च आहे. अर्जदारांचं म्हणणं याहून वेगळं काय आहे?" प्रणाली उभी राहून काही बोलू लागली, कायदा, वहिवाट, कसलीशी तारीख. साहेबांनी प्रथमच मान वर केली. ते वाक्य त्यांना आवडल्याचे दिसत होते. त्यांनी ते टंकलेखकाला सांगताना मधे एक शब्द घातला, रूपांतर, आणि कमलाकांतकडे पाहिले. कमलाकांतने मान लववली. निर्णय होईपर्यंत शांततेच्या दृष्टीने वास्तू व आवार कुलूपबंद राहील, असे ते म्हणाले. कुलूप आजच लागेल.

"आवार म्हंजे?" मैनाबाईने विचारले. साहेबांनी पुढची फाइल ओढली. "माया कोंबड्या आत हायेत," ती सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाली.

बाहेरच्या व्हरांड्यात कमलाकांतने त्यांना गाठले. तो पुन्हा वाकला. साधनाबाईंना पाय मागे घ्यायचे होते. पाय तिथेच राहिले, आणि जीभ, जी आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी घडवली गेली होती, ती आपोआप हलली. "आयुष्मान् भव," त्या म्हणाल्या. हलन्त नकार नीट उमटला. तो तृप्त मुद्रेने निघून गेला. प्रणालीने सांगितले की आणखी वर जाता येईल, पण आता दोघींनी शब्द बदलायचा नाही, काही झाले तरी नाही. नाहीतर दुसरा जबाबही हातचा जाईल. साधनाबाईंनी होकार दिला.

बडनेऱ्याच्या फलाटावर दुपार तापली होती. गाडीला अवकाश होता. पाण्याच्या टाकीजवळ एक पोलीस उभा राहून तोंड धूत होता. मैनाबाईने बाकावर फडके सोडले, त्यात भाकरी होती, लसणाची चटणी होती. सकाळी दोघींपुरते बांधून आणले होते. "बाई, म्या बरोबर म्हनलं ना?" तिने विचारले.

"बरोबर म्हटलंत."

"एक डाव बी चुकली नाई."

"नाही."

"मंग कुलूप काहून?"

साधनाबाईंनी भाकरीचे फडके तिच्याकडे सरकवले. मैनाबाईने भाकरीसमोर हात जोडले, डोळे मिटले आणि जेवणाआधीची तिची प्रार्थना सुरू केली. ती कोठल्याही पुस्तकात नव्हती, तिची स्वतःची होती. "देवा बापा, तुयी लेकरं, तुया..." इथे ती अडली. ओठ उघडे राहिले. तिने डोळे उघडले आणि साधनाबाईंकडे पाहिले.

"बाई, इथं म्हनू का? इथं कोन आयकते?"

पोलीस रुमालाने मान पुसत त्यांच्याच दिशेला वळला होता.

"नको," साधनाबाई म्हणाल्या.

"मनातल्या मनात म्हनते."

साधनाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिले. हे तोंड पुन्हा एकदा कोणापुढे तरी उघडणार होते. "मनातही नको," त्या म्हणाल्या. "सवय जायला हवी."

मैनाबाईने जोडलेले हात सोडले, आणि प्रार्थना न करता भाकरी मोडली.